जखमेतली वीज

बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानीने 1791 मध्ये बेडकाच्या पायांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि वाद पेटला. दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श झाला की मेलेल्या बेडकाचा पाय उडतो. ही वीज प्राण्याची, असे त्याचे म्हणणे. पाव्हियाच्या आलेस्सांद्रो व्होल्टाचे मत उलटे होते: वीज धातूंच्या स्पर्शातून येते. 1800 मध्ये त्याने दोन धातूंच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा यांची चळत रचून तसे दाखवूनही दिले. पहिली बॅटरी ती हीच. पाठ्यपुस्तकात गोष्ट बहुधा इथेच संपते आणि व्होल्टा जिंकतो. हा निकाल मला अन्यायाचा वाटतो.

कारण 1794 मध्येच गॅल्व्हानीने धातू साफ वगळले होते. चेतातंतूचे कापलेले टोक नुसते स्नायूला टेकवले, तरी पाय उडाला. ऊतक कापले की त्या जागी विद्युतदाबाचा फरक उघडा पडतो, हे त्यातले मर्म. पण ते मोजायला तेव्हा साधन नव्हते. 1840 च्या दशकात बर्लिनच्या एमिल द्यु ब्वा-रेमाँने तारेचे हजारो वेढे असलेला गॅल्व्हानोमीटर बनवला, स्वतःच्या बोटाला जखम केली आणि तिच्यातून वाहणारा प्रवाह मोजला.

एवढे हाती लागूनही पुढची शंभराहून अधिक वर्षे जखमेची वीज अडगळीत राहिली. संशोधकांचे लक्ष चेतासंदेशांकडे वळले. शिवाय एकोणिसाव्या शतकात विजेचे पट्टे विकणाऱ्या भोंदूंनी या विषयाची पतच घालवली. 1970 च्या दशकात लायनेल जॅफ यांच्या गटाने कंप पावणारी सूक्ष्म शलाका वापरून पेशींभोवतीचे क्षीण प्रवाह मोजले आणि दार पुन्हा उघडले.

आज चित्र बरेच स्पष्ट आहे. त्वचेच्या पेशी सोडियमचे आयन सतत आत ओढतात, म्हणून त्वचेची आतली बाजू बाहेरच्या मानाने धन राहते. कातडी फाटली की तिथे हा भेद कोसळतो. प्रवाह फटीतून बाहेर वाहू लागतो आणि कडेच्या पेशींना जखमेच्या दिशेने रोखलेले क्षेत्र जाणवते: दर मिलिमीटरला साधारण 100 ते 200 मिलिव्होल्ट. 2006 मध्ये मिन झाओ आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवले की पेशी हे क्षेत्र पाहून चालतात. त्याची दिशा उलटवली, तर त्या जखम उघडी टाकून उलट्या फिरतात. एरवी जखम भरायला निघालेली पेशी विजेच्या सांगण्यावरून पाठ फिरवते, हे मला आजही थक्क करते.

म्हणजे गॅल्व्हानी आणि व्होल्टा दोघेही बरोबर होते. धातूच्या पृष्ठभागावर वीज आहे, पेशीच्या कडेलाही आहे.

वीज उपचारातही आली आहे: मोडून न जुळणाऱ्या हाडांसाठी विजेचे उपचार अमेरिकेत 1979 मध्ये मंजूर झाले. पण म्हणून विजेच्या नावाने जखमेसाठी विकली जाणारी प्रत्येक पट्टी खरी ठरत नाही. अशी पट्टी कुणी पुढे केली, तर क्षेत्र किती, कोणत्या दिशेने आणि किती वेळ, हे तीन प्रश्न अवश्य विचारा.