आधी पाय, मग चेहरा

हृदय कमकुवत झालेल्या माणसाच्या घरात सकाळची पहिली नजर त्याच्या पायांकडे जाते. घोट्याला सूज आहे का? बोट दाबलं तर खळगा राहतो का? मग चहाच्या आधी वजनकाटा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ते अंगाला लागलेलं अन्न नसतं, साठलेलं पाणी असतं. हृदयाचा जोर कमी पडला की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो. डॉक्टरांना फोन करायचा तो या आकड्यावरून. आकड्यांची ही शिस्त खरी आहे. तिच्यामुळे कितीदा तरी दवाखान्यात भरती होणं टळतं.

आमच्या पनवेलच्या शेजारात एक काकू आजारी काकांसाठी ही शिस्त पाळतात. त्यांच्या वहीत वजन असतं, पाणी असतं, रात्री किती उशा लागल्या तेही असतं. सगळ्यांत अवघड मीठ. मिठागरांच्या या खाडीपट्ट्यात सुकट, बोंबील, लोणचं यांच्यावरच माणसाची जीभ वाढते. दिवसाचं मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून चहाच्या चमच्याएवढंही नाही. काकूंनी काकांची सुकट बंद केली आणि स्वतःचीही. तसं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

एका सकाळी काका म्हणाले, "अगं, हल्ली तू माझ्या पायांशीच बोलतेस."

काकूंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज जरा थांबला होता.

मला वाटतं, काळजी हळूहळू राखणीकडे सरकते आणि ते दोघांनाही कळत नाही. किती श्रमाने दम लागतो यावरून या आजाराच्या चार पायऱ्या ठरवण्याची रीत 1928 पासून आहे. ती उपयोगी आहे. माणूस किती चालतो ते तीत येतं. कशासाठी चालतो, ते येत नाही. काकांना वडाळे तलावाशी बाकावर बसून पेपर वाचायचा असतो. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं असतं. वाटेत दोनदा थांबावं लागलं तरी चालेल.

आणि काकूंचं काय? त्यांची झोप कितीदा मोडली, हे त्या वहीत नाही. त्यांच्या रक्तदाबाची गोळी कधीकधी राहून जाते. आजाऱ्याची प्रकृती विचारायला येणारे बहुतेकजण त्यांच्या हातचा चहा घेऊन जातात.

परवा लेक खारघरहून आली. तिने वही आपल्याकडे घेतली. "आई, आज मी लिहिते. तू जा भजनाला." काकू गेल्या. फाटकापासून परत आल्या, लघवीची गोळी कुठल्या डबीत आहे ते सांगितलं, काकांच्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं, आणि पुन्हा निघाल्या.