वीस मिनिटांची उंची

फ्रान्समधल्या शामोनी गावात सकाळच्या केबल कारमध्ये माणसं दाटीवाटीनं उभी असतात. काचेपाशी जागा मिळावी म्हणून सभ्यपणे थोडी रेटारेटीही होते. गाव १,०३५ मीटरवर. मध्ये एकदा डबा बदलायचा, की वीसेक मिनिटांत एग्वी द्यु मिदी या सुळक्यावर, ३,७७७ मीटरवर! दुसऱ्या टप्प्यात आधाराला एकही खांब नाही. पायांखालून झाडी सरते, दगडांचा खच सरतो, हिमनदीच्या निळसर भेगा दिसू लागतात. आणि धाप म्हणाल तर कुणालाच नाही.

१७८६ च्या ऑगस्टमध्ये याच गावातले दोघे, स्फटिकं शोधणारा जाक बाल्मा आणि डॉक्टर मिशेल पाकार, शेजारच्या माँ ब्लाँवर पहिल्यांदा पोचले, ते वाटेत एक रात्र उघड्यावर काढून. पाकारनं तर वायुभारमापकही वर वाहून नेला होता. आपल्या खिशात तिकीट असतं.

पण उंची फुकट मिळत नाही. कुणीतरी तिचा भार उचलतंच. १९५५ साली ही केबल सुरू झाली, त्याआधी या कड्यांवर तारा ओढणारे मजूर होते. आजही वर जाणारा डबा आणि खाली येणारा डबा एकाच ओढतारेला जोडलेले असतात. उतरणाऱ्यांचं वजन चढणाऱ्यांना वर ओढतं, मोटरला फक्त फरक पेलावा लागतो. सकाळी मात्र सगळ्यांनाच वर जायचं असतं, समोरून येणारा डबा जवळजवळ रिकामा, आणि मोटर बिचारी एकटीच राबते.

उरलेला हिशेब शरीर चुकता करतं. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहून थोडा कमीच. पिशवीतलं चिप्सचं पाकीट उशीसारखं टम्म फुगलेलं. धडधाकट माणसं पाचदहा पायऱ्या चढून कठडा धरतात आणि दृश्य बघत असल्याचं भासवतात. मला ती धाप आवडते. एवढ्या उंचीवर आल्याची खरी खूण तीच, फोटो नव्हे.

बर्फात खोदलेल्या बोगद्याच्या तोंडाशी गिर्यारोहक बसलेले असतात. तेही याच डब्यातून आलेले. बुटांना खिळ्यांच्या पट्ट्या बांधायच्या, दोराची गाठ जोडीदाराकडून तपासून घ्यायची, आणि मग बाहेरच्या अरुंद धारेवरून उतरायला लागायचं. त्यांना वाट द्यायला आपण भिंतीला चिकटून उभे राहतो. तेवढ्यात कुणीतरी विचारतं, कॉफी कुठे मिळते?