हॅशटॅगला आवक क्रमांक मिळत नाही

बस समोर. मोबाइल ठेव बाजूला.

वडाच्या बुंध्यावर महापालिकेची नोटीस लागली. तू फोटो काढलास, खाली चार झणझणीत ओळी लिहिल्यास, शेकडो लोकांनी त्या पुढे पाठवल्या. आता तोच फोटो मोठा कर आणि खालची ओळ वाच. हरकती सात दिवसांत लेखी द्याव्यात, असं छापलंय. पत्ताही आहे. सगळ्या गावाला तो पत्ता दाखवलास. तू गेलास? पोच दाखव. नाही ना? मुदत काल संपली.

वेळ नव्हता म्हणू नकोस. अनोळखी माणसाशी रात्री दोनपर्यंत कमेंटमध्ये भांडायला होता. एकट्याच्या अर्जाने काय होतं, हेही ऐकवू नकोस. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार झाड तोडण्याआधी लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. हरकत मागवतात, संताप नाही. तुझ्या पोस्टची नोंद कुठल्या फायलीत होणार?

ऑनलाइन काहीच होत नाही, असं मी म्हणेन आणि तुला वाद घालायला मिळेल, ही आशा सोड. होतं. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी दहा लाखांवर ईमेल गेले. कुठे? दूरसंचार नियामक ट्रायकडे. ट्रायने वीस प्रश्न विचारले होते, कार्यकर्त्यांनी उत्तरांचा मसुदा तयार करून दिला आणि लोकांनी तो मुदतीत पाठवला. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळा डेटा दर लावायला बंदी केली. घरबसल्याच झालं ना हे? मग तुझं घोडं कुठे अडतं?

मुंबईच्या आरेतली मेट्रो कारशेडसाठीची झाडतोड आठव. ‘सेव्ह आरे’ तूही मिरवलंस. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने तोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. हॅशटॅगमुळे बातमी पसरली, मान्य. पण आडवं जायला माणसंच लागली. २९ जणांना अटक झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, ती कशाची दखल घेऊन? कायद्याच्या विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची. तोवर २,१४१ झाडं पडली होती. पत्राला उशीर झाला खरा, पण न्यायालयापुढे उभं राहिलं ते पत्रच. तू त्या दिवशी काय केलंस? प्रोफाइलचा फोटो हिरवा केलास.

एखाद्या ढ पोराने हे केलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. तुला कायदा वाचता येतो. मुद्देसूद मराठी लिहिता येतं. वक्तृत्वाची बक्षिसं कपाटात मावत नाहीत. आणि एवढी अक्कल खर्च कशावर करतोस? आपल्याच मताच्या माणसांकडून ‘अगदी बरोबर’ ऐकण्यावर! लाइक पडले की काम झाल्यासारखं वाटतं आणि ऊठ म्हणणारं मन गप्प बसतं. यालाच स्वतःच्या डोळ्यांत धूळ फेकणं म्हणतात. लोक फसले नाहीत रे, तूच फसलास.

शाळेसमोरच्या पाच झाडांवर कालच नोटिसा लागल्यात. आज हरकत लिही. झाडाचा क्रमांक, जात, जागा, तोड का नको, पर्याय काय, एवढं एका पानात बसव. अर्जाच्या दोन प्रती ने, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घे. मग पोस्ट टाक, खुशाल टाक. तिच्यात मसुदा दे, पत्ता दे, शेवटची तारीख दे. पुढे पाठवणाऱ्या शेकडोंपैकी दहा जणांनी जरी अर्ज दिला, तरी तुझ्या लिहिण्याचं चीज झालं.

ऊठ. कचेरी बंद व्हायच्या आत पोच.