नात्याचा जामीन

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ साली बिटकॉइनची मांडणी झाली, ती मध्यस्थावर विश्वास ठेवण्याची गरजच संपवण्यासाठी. पण मावशी किंवा मेहुणा बिटकॉइन घेतात ते गणित तपासून नव्हे, सांगणारा घरचा आहे म्हणून. व्यवस्थेतून काढलेला विश्वास असा नात्याच्या दारातून परत आत येतो आणि त्याची नोंद कुठल्याच ब्लॉकचेनवर होत नाही. पुण्यात २०१८ मध्ये गाजलेल्या गेनबिटकॉइन या गुंतवणूक-फसवणुकीच्या प्रकरणातही नवे सभासद जोडणारी साखळीच होती.

कुणी म्हणेल, सज्ञान माणसाचा निर्णय त्याचा. विम्याची पॉलिसीसुद्धा नातेवाईकच गळ्यात मारतात. मारतात खरे! पण तिथे तक्रारीला लोकपाल आहे. इथे स्वतःकडची खासगी किल्ली, म्हणजे बिटकॉइन खर्च करू देणारा गुप्त संकेत, हरवली की दाद मागायला कुणीच नाही. ‘मी फक्त सांगितले, फळ त्याचे’ हा बचाव गीतेच्या आधारानेही टिकत नाही, कारण तिथे फळाची आसक्ती सोडायची आहे, कर्माची जबाबदारी नव्हे. तेव्हा सांगणाऱ्याने किमतीचा आलेख दाखवण्याआधी किल्ली कशी जपायची ते शिकवावे आणि हेही सांगावे, की २०२२ पासून भारतात नफ्यावर ३० टक्के कर आहे, पण एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही.