वाद्यावरचा मुलामा

जुनें लपवून तें नवें म्हणून खपविणें, ही लबाडी जगाच्या परिचयाची आहे. म्हाताऱ्या घोड्याचे दांत कानसून त्यास तरुण ठरविणारे सौदागर पूर्वापार होऊन गेले. परंतु नवें लपवून तें जुनें म्हणून मिरविणें, हा गिटारीच्या बाबतींत आतां उघड व्यापारच झाला आहे. १९९५ सालीं अमेरिकेंतील फेंडर कंपनीनें मुद्दाम रंग खरवडलेल्या व धातूचे भाग काळवंडविलेल्या नव्या गिटारी विक्रीस आणिल्या, आणि कोऱ्या गिटारीपेक्षां त्यांस अधिक दाम मोजणारें गिऱ्हाईकहि मिळालें. कंपनी हें काम सांगून सवरून करिते, म्हणून तिजवर फसवणुकीचा आळ घेतां येत नाहीं. तथापि यावरून जो प्रश्न उद्भवतो, तो एके दिवशीं आमच्याच ओसरीवर येऊन उभा राहील, अशी आमची कल्पना नव्हती.

आमच्या भाच्यानें गेल्या उन्हाळ्यांत एक स्वस्त विजेची गिटार आणिली. तिचा भडक तांबडा रंग त्यास रुचेना, तेव्हां तो घरींच बदलावयाचा असें आम्हां उभयतांचें ठरलें. असल्या गिटारीची मान चार स्क्रू काढतांच धडापासून सुटी होते. १९५० च्या सुमारास लिओ फेंडर यांनीं ही सोय रूढ केल्यापासून दुरुस्तीचें काम सामान्य माणसाच्याहि आवांक्यांत आलें. कारखान्यांतील रंगाचा कठीण थर मात्र सहजीं निघत नाहीं. तोंडावर मास्क बांधून प्रथम ८० नंबरचा आणि मग चढत्या नंबरांचा पॉलिशपेपर आम्हीं तीन दिवस घासला. अखेर लाकूड दिसूं लागलें, तों तें एकसंध नसून पांच तुकडे सरसानें जोडून केलेलें आहे असें आढळलें. भाच्याचा चेहरा उतरला.

त्या लाकडावर आम्हीं चपड्याचें पॉलिश चढविलें. पळस, बोर, कुसुंब या झाडांवरील किड्यांपासून मिळणारी लाख शुद्ध करून चपडा होतो. तो स्पिरिटांत विरघळवून कापडाच्या बोळ्यानें पातळ हात देत गेलें म्हणजे लाकडाच्या रेषा उजळतात. आवाजांत मात्र यामुळें फारसा फरक पडला नाहीं. विजेच्या गिटारींत पोलादी तारेचें कंपन चुंबकाभोंवतीं गुंडाळलेलें तारेचें वेटोळें टिपतें. धडाच्या रंगास तेथें फारसा मान नाहीं. खरा फरक ज्या कामानें पडला, तें डोळ्यांत भरणारें नव्हतें. हाताला बोचणारीं पडद्यांचीं टोकें आम्हीं कानशीनें घासलीं, आणि तारा खालीं बसाव्या म्हणून त्यांच्या खांचा किंचित् खोल केल्या. मिरजेचा कारागीर घोडीवर कानस चालवून तंबोऱ्याची जवारी काढतो, तेव्हांहि पाहणारास कांहीं दिसत नाहीं. ऐकणारास मात्र सर्व कळतें.

राहिलें तें नांव. मानेच्या शेंड्यावर एका स्वस्त कारखान्याचें नांव होतें, तें घासण्यांत गेलें. भाच्यानें खिशांतून एक चिकटचित्र काढलें. त्यावर एका जगप्रसिद्ध कंपनीचें नांव होतें. तो म्हणाला, "मामा, हें लावूं या. कॉलेजांत सगळ्यांच्या गिटारी महागाच्या आहेत. मला कुणीं विचारूं नये, एवढंच. आपण थोडीच विकणार आहोंत?"

या बोलण्यांत लबाडीपेक्षां लाज अधिक होती, म्हणून त्यास रागें भरणें आमच्यानें झालें नाहीं. शिवाय त्याचा मुद्दा अगदींच पोकळ नव्हता. नाटकांतील राजा खोटा मुकुट घालतो, त्यास कोणी लबाड म्हणत नाहीं. तांबडा रंग काढून आम्हींच त्या वाद्याचें रूप पालटलें होतें. मग रंग चालतो आणि नांव चालत नाहीं, हा भेद कशाच्या आधारावर करावयाचा?

विचारांतीं आम्हांस एकच कसोटी सांपडली. जी गोष्ट उघड सांगितल्यावरहि टिकते ती सजावट. जी सांगतांच नाहींशी होते ती फसवणूक. 'हें पॉलिश आम्हीं घरीं केलें' असें सांगितल्यानें पॉलिशची शोभा उणी होत नाहीं. मुकुट पितळेचाहि नाहीं हें प्रेक्षक जाणतो, तरी राजा राजाच राहतो. परंतु 'हें नांव आम्हीं चिकटविलें' असें म्हणतांच त्या नांवांत कांहीं उरत नाहीं; त्याचें सारें बळ पाहणाराच्या अज्ञानांत असतें. 'विकावयाची नाहीं' हें तरी आजपुरतेंच म्हणतां येईल. वाद्य हातोहात फिरतें, आणि उद्यां तें ज्याच्याकडे जाईल त्यास ही थट्टा उलगडून सांगावयास आम्ही तेथें असणार नाहीं.

ओरखड्यांसहि हीच कसोटी लावून पाहावी. आयर्लंडचा वादक रोरी गॅलघर याच्या १९६१ च्या गिटारीवरील रंग बहुतेक उडून गेला होता, तो वर्षानुवर्षांच्या वादनानें. विकत घेतलेला ओरखडा डोळ्यांस तसाच दिसेल, परंतु त्याच्यामागें सांगण्याजोगी हकीकत नसते. उलट इंग्लंडांतील ब्रायन मे यानें १९६३ पासून वडिलांच्या साहाय्यानें घरींच गिटार घडविली. तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, स्प्रिंगा मोटारसायकलच्या झडपांच्या, आणि मानेवरील खुणा आईच्या शिवणपेटींतील शिंपल्याच्या बटणांच्या. ही हकीकत जितकी सांगावी, तितकी त्या वाद्याची प्रतिष्ठा वाढते.

हें सर्व आम्हीं भाच्यास ऐकविलें. त्यांतील बरेंचसें त्याच्या कानांवरून गेलें असावें. पण तें नांव लाविलें तर आपल्या पंधरा दिवसांच्या श्रमाचें श्रेयहि त्या कंपनीसच जाईल, हें मात्र त्यास लागलें. त्यानें चिकटचित्र परत खिशांत घातलें, आणि मानेचा शेंडा कोराच राहिला.

येथेंच उपदेश संपवितां आला असता तर बरें होतें. दोन दिवसांनीं आमचे एक स्नेही आले. गिटार हातांत घेऊन म्हणाले, "बरीच किंमत पडली असेल!" आम्ही नुसते हंसलों. खोटें नांव चिकटविलें नव्हतें, खोटा शब्द उच्चारला नव्हता. तरी त्या हंसण्यानें तेंच काम केलें. तोंच भाचा म्हणाला, "नाहीं हो काका, अगदीं स्वस्तांतली आहे. पांच तुकडे जोडलेले आहेत, हे पाहा ना." आणि एकेका सांध्यावरून त्यानें बोट फिरविलें.

स्नेह्यांनीं गिटार खालीं ठेविली नाहीं. उलट ती उजेडाकडे धरून ते सांधे निरखूं लागले. आम्ही मात्र चहा सांगण्याच्या निमित्तानें आंत गेलों.