हा कोण?

मागच्या पावसाळ्यात मी एका ब्रिटिश सैनिकाचं नाक कापलं. नाक रेझिनचं होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. सैनिकही रेझिनचाच, छातीपासून वर जेमतेम सात सेंटिमीटर. पहिल्या महायुद्धातला, डोक्यावर सोला हॅट, गाल भरलेले, चेहऱ्यावर सुट्टीवर निघाल्यासारखी खुशी. मला त्याचा ११०व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई करायचा होता. मला हवा तसा मराठा शिपाई बाजारात मिळाला नाही, म्हणून दुसऱ्याचा घेऊन बदलायचा. या छंदात याला कन्व्हर्जन म्हणतात.

काम सोपं नसतं, पण समजायला अवघड नाही. बारीक करवतीनं हॅट कापायची. नाक, मिशा, गाल घासून सपाट करायचे, तेही मास्क लावून आणि सँडपेपर ओला ठेवून, कारण रेझिनची पूड फुप्फुसात जाऊ नये. मग दोन भागांची इपॉक्सी पुट्टी सारखी मळून घ्यायची. आतल्या भरावाला आपलं एम-सील चालतं, पण ते लवकर आवळतं, म्हणून वरच्या थराला मऊ, बारीक पुट्टी. पागोट्यासाठी ती टाल्कम पावडरवर पोळीसारखी लाटायची, पट्ट्या कापायच्या आणि एकावर एक गुंडाळायच्या. पागोटं दोन रविवारांत झालं. चेहऱ्याला मात्र तीन महिने लागले.

पहिला चेहरा झाला तेव्हा मी खूश होतो. वर वळलेल्या भरदार मिशा, वटारलेले डोळे, पुढे आलेला जबडा. आईनं चहाचा कप ठेवता ठेवता विचारलं, "हा कोण रे?"

"मराठा शिपाई. इराकमध्ये कूत म्हणून गाव आहे, तिथल्या वेढ्यातला."

"नाव काय त्याचं?"

"नाव नाही. असाच एक शिपाई."

"मग असा काय बघतोय? पोस्टरवरच्यासारखा?"

ती बोलून गेली, पण मला ते लागलं, कारण ते खरं होतं. तो चेहरा मी पाहिलेल्या कुठल्याच माणसाचा नव्हता. कॅलेंडरं, सिनेमे, ट्रकच्या मागची चित्रं यांतून माझ्या हातात आपोआप उतरलेला होता. आणि त्याही मागे गेलो तर आणखी एक उगम सापडतो. इंग्रजांनी भरती जातीनिहाय केली आणि त्यासाठी अधिकाऱ्यांच्या हाताशी पुस्तिका दिल्या. मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्यावरची पुस्तिका १९०८ सालची आहे. कुठल्या जमातीचा माणूस कसा, लढायला किती कामाचा, याचे ठोकताळे त्या काळात असे छापून निघत. म्हणजे मी माणूस घडवत नव्हतो, नमुना घडवत होतो. शिवाय 'मराठा' नावाच्या त्या पलटणींत दख्खनी मुसलमानही होते. माझा शिपाई त्यांच्यापैकी असता तर? हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता.

मी तो चेहरा घासून काढला. पण दुसरा कोणाचा करायचा?

थोडा इतिहास सांगायला हवा. सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्की सैन्यानं डिसेंबर १९१५मध्ये कूतला वेढलं. वेढा १४७ दिवस चालला. २९ एप्रिल १९१६ला सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. त्यांत मराठा पलटणी होत्या. पुढे वाळवंटातली पायपीट आणि कैद यांत फार मोठ्या संख्येनं माणसं मेली.

या मोहिमेत मेलेल्या आणि कबर नसलेल्यांसाठी बसराला स्मारक उभं राहिलं, १९२९ साली. त्यावर ४० हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे. ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली. भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची कोरली. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा दिला. दगड कमी पडला असेल म्हणावं, तर फ्रान्समध्ये नव्ह-शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून जास्त भारतीयांची नावं आहेत, आणि ते १९२७ सालचं आहे. आपल्याकडच्या अनेक गावांतही त्या युद्धाची छोटी संगमरवरी पाटी दिसते. गावातून किती गेले, किती परतले नाहीत, एवढंच तीवर असतं.

तेव्हा ज्याला आकडा करून टाकलं, त्याला चेहरा देणं चांगलंच काम, असं मला वाटत होतं. आता तितकं सरळ वाटत नाही. माझ्या हातचा चेहरा खोटाच असणार. खोट्या चेहऱ्यानं ती रिकामी जागा बुजली, की तिथे काही हरवलं होतं हेच पाहणाऱ्याला कळणार नाही. आकडा निदान लाज वाटायला लावतो. सुबक रंगवलेला पुतळा बघून माणूस "वा!" म्हणतो आणि पुढे जातो.

एक मोह झाला होता. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या आयोगानं २०२१मध्ये या भेदभावाबद्दल माफी मागितली. त्यांच्या संकेतस्थळावर आता भारतीय शिपायांची नावं शोधता येतात. त्यातलं एक उचलावं आणि पायथ्यावर कोरावं. पण त्या नावाचा खरा माणूस होता. त्याचं नाक बसकं असेल, गालावर देवीचे व्रण असतील. त्याच्या नावावर माझं नाक चिकटवणं म्हणजे एकदा वगळलेल्या माणसाला दुसऱ्यांदा पुसणं. नाव खरं आणि चेहरा खोटा, यापेक्षा नाव नसलेलं बरं.

मग काहीच करू नये का? तसंही मला पटत नाही. मी हात आखडला असता तर टेबलावर तो हसरा ब्रिटिश शिपाईच राहिला असता. न घडवणं म्हणजे तटस्थ राहणं नव्हे. ज्याचे पुतळे आधीच आहेत त्याचेच राहू देणं, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा चेहरा करताना मी भुकेचा विचार केला. वेढ्याच्या शेवटी घोडे आणि खेचरं कापून खाल्ली जात होती. हिंदी पलटणींतल्या अनेकांनी ते मांस कित्येक आठवडे नाकारलं. धर्मगुरूंची परवानगी आणवली तरी नाकारलं. मी गाल खोल केले, मिशी खाली आणली. पण नुसता उपाशी माणूस दाखवला तर तोही एक नमुनाच होतो, दयेचा. म्हणून सगळ्यात जास्त वेळ ओठांवर गेला. ते घट्ट मिटलेले आहेत. भुकेनं की ठरवून, हे मला सांगता येत नाही, आणि ते तसंच राहू दिलं.

इटलीत जुनी भित्तिचित्रं दुरुस्त करताना गेलेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरतात. लांबून चित्र पूर्ण दिसतं, जवळ गेलं की कुठे कोणाचा हात लागलाय ते कळतं. मी त्यातून एक गोष्ट उचलली. रंगाआधी पुतळा विचित्र दिसतो: रेझिन करडं, पुट्टी हिरवट. मूळ कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं ते तेव्हा स्वच्छ दिसतं. प्रायमर मारण्याआधी मी त्याचा फोटो काढला आणि तो छापून पुतळ्याशेजारी ठेवला. पायथ्यावर फक्त पलटण, गाव आणि साल आहे.

परवा एक मित्र आला होता. त्यानं पुतळा हातात घेऊन आईचाच प्रश्न विचारला. मी त्याला आधी फोटो दाखवला.