धडधडीचे कारण आणि अनुमानाचे प्रामाण्य

छातीत धडधड होत आहे, हे ज्याला ती होते त्याला निःसंशय कळते. परंतु ती कशामुळे होत आहे, हेही त्याला तितक्याच खात्रीने कळते असे म्हणता येत नाही. चिंतेने हृदयाची गती वाढते, तशीच ती रक्तक्षयाने, थायरॉइड ग्रंथीच्या अतिक्रियेने आणि अति कॉफीनेही वाढते. आणि चिंता व नैराश्य यांवर दिलेले औषधच काही वेळा धडधडीला कारण होऊ शकते, तेव्हा स्वतःच्या अंतःकरणाविषयी मनुष्य जी साक्ष देतो ती कितपत प्रमाण मानावी, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न उभा राहतो.

न्यायदर्शनाच्या परिभाषेत धडधड हे प्रत्यक्ष होय आणि तिचे कारण हा अनुमानाचा विषय होय. कार्यावरून कारण ओळखणाऱ्या अनुमानास 'शेषवत्' म्हणतात व नदीचा पूर पाहून वर पाऊस झाला असे ठरवणे हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्यावर न्यायसूत्रांतच असा आक्षेप नोंदवला आहे की, प्रवाह अडवला गेला तरी पाणी चढते, म्हणून हे अनुमान विश्वसनीय नाही. वात्स्यायनाचे भाष्य त्याला उत्तर देते की पावसाच्या पुराला वेग असतो, फेस असतो, पाने आणि लाकडे वाहून येतात; म्हणजे दोष अनुमानाचा नसून एकाच खुणेवर विसंबणाऱ्याचा आहे.

औषधांच्या बाबतीत या खुणा बहुधा काळाच्या क्रमात सापडतात. सेरोटोनिन या चेतापेशींमधील संदेशवाहक द्रव्याचे पुनर्शोषण रोखणाऱ्या औषधांनी पहिल्या एक-दोन आठवड्यांत अस्वस्थता वाढू शकते आणि पुढे ती बहुधा ओसरते. ही औषधे एकाएकी बंद केल्यास चक्कर, बेचैनी व धडधड उद्भवू शकते. ट्रायसायक्लिक या जुन्या गटातील औषधांनी नाडी जलद होऊ शकते, तर सिटॅलोप्रामच्या अधिक मात्रेने हृदयाच्या विद्युत्‌लयीत बिघाड होण्याचा धोका असल्यामुळे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2011 मध्ये इशारा दिला. म्हणूनच धडधड केव्हा सुरू झाली, मात्रा केव्हा बदलली आणि ईसीजी काय दाखवतो, हे एकत्र पाहावे लागते; धडधडीसोबत मूर्च्छा, छातीत वेदना किंवा श्वास लागणे असेल, तर तातडीने वैद्यकीय मदत घेणे आवश्यक ठरते.

श्रद्धावंताची अडचण याहून खोल असते, कारण तो या धडधडीचा अर्थ पुष्कळदा 'आपली निष्ठा उणी पडली' असा लावतो आणि गोळी घेणे म्हणजे त्या उणिवेची कबुली, असे मानून मनातल्या मनात झुरतो. या समजुतीला परंपरेचा आधार नाही. पतंजलीने चित्ताला विक्षेप घडवणाऱ्या नऊ अंतरायांत, म्हणजे अडथळ्यांत, व्याधीचे नाव प्रथम घेतले आहे आणि त्यांच्या सोबत्यांत दुःख व मनाची खिन्नता यांच्याबरोबर अंगाचा कंप आणि श्वासोच्छ्वासही मोजले आहेत. चरकसंहिता मंत्र, जप आदींचा दैवव्यपाश्रय, आहार व औषध यांचा युक्तिव्यपाश्रय आणि मनाला अहितापासून आवरणारा सत्त्वावजय असे तीन उपचार एकत्र सांगते; त्यांपैकी एकाचा स्वीकार म्हणजे दुसऱ्याचा त्याग, असे ती मानत नाही.

अर्थात प्रत्येक चिंता रोग ठरत नाही. डॅनिश विचारवंत सोरेन किर्केगार्द याने 1844 च्या आपल्या ग्रंथात चिंतेचा संबंध मनुष्याच्या स्वातंत्र्याशी, म्हणजे पुढे खुल्या असलेल्या शक्यतांच्या जाणिवेशी जोडला, आणि त्या चिंतेला गोळी हे उत्तर होऊ शकत नाही. परंतु ती ओळखायची असेल, तर शरीराने किंवा औषधाने उठवलेली खळबळ तिच्यापासून आधी वेगळी काढावी लागते. ते न करता प्रत्येक ठोक्याला आत्म्याचा कौल मानणारा मनुष्य स्वतःवर अन्याय करतो. म्हणून औषध स्वतःच्या मनाने न थांबवता, डॉक्टरांपुढे लक्षणांचा क्रम प्रामाणिकपणे मांडून कारणाचा शोध घेणे हा विवेकाचाच भाग आहे आणि श्रद्धेला त्यात कोणतीही उणीव येत नाही.